पायऱ्यांचं तेवढं मनावर घे

तुझ्या शेतकरी कंपनीच्या गोदामाचा नकाशा मिळाला गं. फोनवर मोठा करकरून पाहिला. धक्का ऐसपैस आहे, पत्र्याची पडवी पुढे काढलीस तेही बरं केलंस. पायऱ्या मात्र शोधाव्या लागल्या. कोपऱ्यात एक लहानशी चौकट, तिच्यात तीन रेघा, माप काहीच नाही. म्हणजे इंजिनिअरने ते काम गवंड्यावर सोडलंय आणि गवंडी ते उरलेल्या विटांवर सोडणार. आपल्याकडे धान्याच्या गोदामांच्या पायऱ्या बहुतेक अशाच होतात. सगळं बांधून झालं, रंग लागला, उद्घाटनाची तारीख ठरली, की मग कोणाला तरी आठवतं की वर चढायचं कसं.

माझं आयुष्य वखारीच्या कामात गेलं, म्हणून तुला हक्काने सांगते. शटर, पंखे, काटा यांत चूक झाली तर पैशाचं नुकसान होतं. पायऱ्या चुकल्या तर माणूस मोडतो. तुझ्या धक्क्याची नव्वद सेंटिमीटर उंची बघायला काहीच वाटत नाही, आपल्या कमरेएवढी. पण पाठीवर ५० किलोचा कट्टा असताना तेवढ्या उंचीवरून पाय सुटला की माणूस आधी पडतो आणि कट्टा मागून त्याच्या मानेवर येतो. एकदा कंबर गेलेला हमाल पुन्हा हमाल राहत नाही, आणि त्याच्या घरी दुसरी मिळकत क्वचितच असते.

तर आधी मनाशी हे ठरव, की त्या पायऱ्यांवरून कोण जाणार आहे. तुला वाटतं हमाल. हमाल तर आहेतच, पण एकटे ते नाहीत. सोयाबीन चाळायला, तूर निवडायला तुझ्या गटातल्या बाया येणार, डोक्यावर घमेलं, पदर खोचलेला, नजर समोर. ट्रकचा ड्रायव्हर बिल्टी घेऊन येणार. ज्याचा माल आहे तो म्हातारा शेतकरी येणार, कारण आपली थप्पी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे, त्यामुळे भाव पडला की माल गोदामात ठेवून वर कर्ज उचलायचं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्यांना नवीन नाही. उद्या तू २००७ च्या वखार कायद्याखाली गोदामाची नोंदणी केलीस आणि तुझ्या पावतीवर बँक कर्ज द्यायला लागली, तर बँकेचा माणूस, विम्याचा माणूस, तपासणीवाला, सगळे त्याच पायऱ्या चढणार. साठीच्या पुढचा, गुडघे दुखणारा शेतकरी नजरेसमोर ठेव आणि त्याच्यासाठी पायऱ्या बांध. त्याला जमलं की सगळ्यांना जमतं.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पायऱ्या माणसांसाठी ठेव, मालासाठी नको. कट्टा पाठीवर घेतलेल्या माणसाचे दोन्ही हात वर, कट्ट्याच्या कानाला धरलेले असतात. तू कितीही भारी कठडा लाव, तो धरणार कशाने? मान खाली दबलेली असते, पायाखालची कड त्याला दिसत नाही. पूर्वी पोतं १०० किलोचं असे, आता कट्टा ५० चा झाला, म्हणून आपल्याला वाटतं भार हलका झाला. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ च्या शिफारशीत धडधाकट पुरुषासाठी सांगितलेली वरची हद्दच ५५ किलो आहे. म्हणजे आपला कट्टा त्या हद्दीच्या काठावरच आहे, आणि तोही दिवसातून शंभरदा उचलायचा.

म्हणून मालाला त्याची वेगळी वाट दे. गाडी धक्क्याला टेकवून सरळ आत नेता आलं तर उत्तमच. पण आपल्याकडे एका उंचीच्या गाड्या येतात कुठे? ट्रॅक्टरची ट्रॉली वेगळी, छोटा हत्ती वेगळा, पिकअप वेगळी आणि मोठा ट्रक सगळ्यांच्या वर. वखार महामंडळांच्या नेहमीच्या नमुन्यात रस्त्याने माल येणाऱ्या गोदामाचं जोतं ८० सेंटिमीटर धरतात, रेल्वे लागणाऱ्याचं १०६. तू ९० धरलंस, ते आपल्या गाड्यांच्या मानाने ठीक आहे. फरक पडेल तिथे गाडी आणि धक्का यांच्यामध्ये जाड लोखंडी पाट टाक, दोन्ही टोकांना आकडे असलेला, म्हणजे तो सरकणार नाही. लाकडी फळी नकोच, ती मधेच लवते. गाडी लागली की चाकामागे लाकडी गुटका लावल्याशिवाय कोणी पाटावर पाय ठेवायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या अंगवळणी पाड. आणि हातगाडीसाठी एका टोकाला उतार कर. उताराचं गणित सोपं आहे, एकास बारा. ९० सेंटिमीटर उंचीला १० मीटर ८० सेंटिमीटर लांबी. गवंडी म्हणेल, ताई एवढा लांब कशाला, चार मीटरमध्ये बसवून देतो. बसवेल तो, पण चार मीटरच्या उतारावर भरलेली हातगाडी माणसाला खाली ओढत नेते. जागा कमी पडत असेल तर उतार भिंतीला धरून वळव, पण उभा करू नकोस.

माल असा बाजूला निघाला की पायऱ्यांचा प्रश्न बराच सोपा होतो. मग त्या सुटसुटीत, धरायला कठडा असलेल्या, सगळ्या सारख्या उंचीच्या असल्या की झालं. 'सारख्या' यावर माझा जोर आहे. चढताना आपण पायऱ्या बघत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांत पायाला उंची कळते आणि पुढे पाय आपोआप तेवढाच उचलला जातो. त्यात एखादी पायरी बोटभर जास्त असली की ठेच ठरलेली. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या ३६व्या रस्त्याच्या मेट्रो स्टेशनात एक पायरी बाकीच्यांहून किंचित उंच होती. २०१२ मध्ये डीन पीटरसन नावाच्या एकाने तिथे कॅमेरा लावला, तर माणसामागून माणूस त्याच पायरीवर अडखळताना दिसला. तरुण, म्हातारे, कडेवर मूल घेतलेला बाप, सगळे. ते चित्रीकरण जगभर पाहिलं गेलं, मग ती पायरी दुरुस्त झाली. फरक डोळ्यांना दिसण्याएवढाही नव्हता.

मापं सांगते, लिहून घे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्लाँडेल नावाचा वास्तुकार होऊन गेला. त्याने माणसाच्या चालीवरून एक हिशेब बसवला, तो अजून जगभर वापरतात. पायरीची उंची दुप्पट करायची, त्यात पाय ठेवायच्या जागेची रुंदी मिळवायची, बेरीज साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर आली पाहिजे. तुझ्या ९० सेंटिमीटरला १५ च्या सहा चढण्या बसतात. पाय ठेवायला ३० दे. दोन वेळा १५ आणि ३०, झाले ६०. राहत्या घरांखेरीज इतर इमारतींना आपली राष्ट्रीय बांधकाम संहिताही साधारण हेच सांगते, उंची १५ च्या वर नको, रुंदी ३० च्या आत नको. सहावी चढण धक्क्यावरच संपते, म्हणून पायऱ्या पाचच लागतात आणि पुढे जागा लागते दीड मीटर. दीड मीटर गं! एवढ्यासाठी लोक पायऱ्या उभ्या करतात, किंवा भिंतीत लोखंडी गज ठोकून शिडी करून मोकळे होतात. गजाची शिडी छतावर चढायला ठीक आहे. रोजच्या ये-जा करायच्या वाटेवर ती लावू देऊ नकोस, कितीही स्वस्त पडली तरी.

रुंदी सव्वा मीटर ठेव, चढणारा आणि उतरणारा एकमेकांना अंग न लावता गेले पाहिजेत. वर पोचल्यावर लगेच दार नको. दार उघडलं की माणूस मागे सरतो, आणि मागे पायरी असते. मधे निदान मीटरभर सपाट जागा सोड आणि दार आतल्या अंगाला उघडेल असं बसव.

खालच्या पायरीबद्दल एक वेगळीच गोष्ट आहे आणि ती आपल्याकडे हमखास होते. पायऱ्या आधी बांधतात, आवारात मुरूम मागाहून पडतो. चार-सहा ट्रॉल्या मुरूम पसरला, वर रोलर फिरला, की खालची पायरी अर्धी गाडली जाते. १५ ची ८ होते आणि उतरणाऱ्याचा पाय जमिनीवर आदळतो. म्हणून आवाराची शेवटची पातळी कुठे येणार, तिथे भिंतीवर चुन्याची रेघ मारून घे आणि पायऱ्यांची उंची त्या रेघेपासून मोज.

दुसरं, आपली माती. काळी जमीन पिकाला सोनं आणि बांधकामाला वैरी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून वर. गोदामाचा पाया तुम्ही खाली मुरमापर्यंत नेला असेल, पण पायऱ्या वरच्या मातीवर नुसत्या विटा रचून उभ्या राहिल्या, तर दोन पावसाळ्यांत त्या जोत्यापासून सुटतात, पुढे झुकतात आणि वरच्या पायरीपाशी पाऊल अडकेल अशी फट पडते. पायऱ्यांचा पायाही मुरमापर्यंत ने, नाहीतर त्या जोत्यातूनच सळई काढून काँक्रीटमध्ये बांध. गवंड्याला हे आत्ताच सांगावं लागेल, जोतं भरून झाल्यावर सांगून उपयोग नाही.

आता पृष्ठभाग. इथे मला तुझ्याशी जरा जास्त वेळ बोलायचंय, कारण गोदामात काय साठवणार यावर पायरी कशाची करायची ते ठरतं. तुझं पीक सोयाबीन. सोयाबीनचा दाणा गोल, कडक, गुळगुळीत. सिमेंटच्या घोटलेल्या पायरीवर मूठभर सोयाबीन सांडलं की पायाखाली छर्रे पसरल्यासारखं होतं. तुरीचंही तेच. त्यात आपलं सोयाबीन येतं ऑक्टोबरात, परतीच्या पावसात. ओल्या चपला, भुसा, दाणे आणि घाई, हे सगळं एका वेळी एका पायरीवर. शहाबादी फरशी किंवा कडप्पा बसवायची कल्पना कोणी काढली तर ऐकू नकोस. दिसायला छान, पाण्यात बर्फ.

काँक्रीटच्या करायच्या तर घोटाई नको. ओल्या काँक्रीटवर कडक झाडू आडवा ओढून खरबरीत ठेवायच्या, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला लोखंडी कोन बसवायचा, म्हणजे कड फुटत नाही. फुटलेली कड हीच पुढे घसरण्याची जागा होते. लोखंडाच्या करायच्या तर दोन प्रकार मिळतात. एक उठावाच्या नक्षीचा पत्रा, आपले वेल्डर तोच सुचवतात. नवा असेपर्यंत पकड देतो, पण वर्षभरात नक्षी झिजते, खोलगट जागी पाणी आणि भुसा साचून चिखल होतो. दुसरा प्रकार जाळीचा. दाणे, पाणी, धूळ सगळं खाली गळून जातं. सोयाबीनच्या गोदामाला माझं मत जाळीला, जस्ताचा मुलामा दिलेल्या. पण थांब, तुझे हमाल अनवाणी असतात की नाही? दातेरी जाळी अनवाणी पायाला कापते. म्हणून दाते नसलेली, बारीक घराची जाळी घे, आणि हमालांना बूट दे. दोन पायऱ्यांमधल्या उभ्या फटीलाही मागून पट्टी लाव, नाहीतर चढताना पाऊल आत जातं आणि बायांच्या लुगड्याचा काठ अडकतो.

आणि उंदीर. तू म्हणशील पायऱ्यांच्या बोलण्यात उंदीर कुठून आला. जोतं उंच ठेवतात ते फक्त गाडीसाठी नव्हे, उंदराला उडी मारून चढता येऊ नये म्हणूनही. तिथे पक्क्या पायऱ्या बांधल्या की आपणच त्याला जिना करून दिला. म्हणून जुनी जाणती माणसं धान्याच्या कोठारांना हलवता येणारी शिडी ठेवायला सांगत, रात्री काढून ठेवायची. ते शहाणपण खरं आहे, पण तुझ्याकडे उतार असणार, उंदराला वाट मिळालीच. मग त्याला अडवायचं दाराशी. शटर खाली टेकल्यावर पेन्सिल जाईल एवढीही फट राहता कामा नये, घरातला लहान उंदीर सहा मिलिमीटरच्या फटीतूनही निघतो. लाकडी दार असेल तर तळाला पत्रा मार. पायऱ्यांखाली पोकळ जागा ठेवून तिथे रिकामे कट्टे, खराटे कोंबायचे नाहीत, तिथेच घर करतात. एवढं सांभाळलंस तर पायऱ्या पक्क्या कर. चाकांवरच्या हलत्या पायऱ्या मला गावच्या धान्याच्या गोदामात नको वाटतात. ब्रेक लावायचा राहतो, कोणीतरी त्या ट्रकला लावायला ओढून नेतं, आणि सवयीने मागे न बघता उतरणारा माणूस मोकळ्या हवेत पाय टाकतो.

जागा कुठे, तेही बोलायचं राहिलं. नकाशात तू पायऱ्या दोन शटरच्या बरोबर मधे दाखवल्यास. तिथून उचल. तिथे गाड्या मागे येणार. उतरलेला माणूस थेट मागे येणाऱ्या ट्रकच्या वाटेत पडतो, आणि ट्रकवाल्याला आरशात ती जागा दिसत नाही. धक्का आणि गाडी यांच्यामध्ये माणूस सापडला तर वाचत नाही, एवढं स्पष्ट सांगते. पायऱ्या धक्क्याच्या टोकाला ने, ऑफिसच्या बाजूला, भिंतीला समांतर उतरणाऱ्या, तोंड गाड्यांकडून फिरवलेलं. खाली उतरण्याच्या जागेपुढे काँक्रीट भरलेले दोन लोखंडी खांब रोव, गाडी चुकून वळली तरी तिथे थांबेल. जमलं तर दुसऱ्या टोकालाही लहानसा जिना असू दे. धुरी देताना आत विषारी वायू असतो. कोणाला गरगरलं, किंवा थप्पीला आग लागली, तर बाहेर पडायला एकच वाट नसावी.

कठडा दोन्ही बाजूंना, पायरीच्या कडेपासून ९० सेंटिमीटर उंच, मुठीत मावेल असा गोल पाइप. चौकोनी नळी स्वस्त असते पण हातात बसत नाही. पाइपाचं टोक मोकळं सोडू नकोस, वळवून खांबाला जोडून घे, पदर आणि शर्टाचे खिसे त्यातच अडकतात. धक्क्याच्या ज्या भागाला गाडी लागत नाही तिथे कायमचा कठडा, जिथे लागते तिथे साखळी, गाडी गेली की लगेच लावायची.

दिवा विसरू नकोस. सोयाबीनच्या हंगामात रात्री अकरापर्यंत गाड्या उभ्या असतात आणि वीज कधी जाईल सांगता येत नाही. सौर दिवा पायऱ्यांवरच पडेल असा लाव. माणसाची स्वतःची सावली पायरीवर पडणार नाही, अशी बाजूने. पायऱ्यांच्या कडा पिवळ्या रंगव आणि दरवर्षी पोळा झाला की पुन्हा रंगव, हंगामाआधी.

हे सगळं ऐकून गटातलं कोणीतरी म्हणेलच, हमालांना काय एवढं, ते बारा महिने असेच चढतात. त्यांना सांग, १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३२व्या कलमातही पायऱ्या भक्कम, मोकळ्या, न घसरणाऱ्या आणि गरज तिथे कठड्याच्या असाव्यात असं लिहिलेलं होतं. आपल्या महाराष्ट्राने तर १९६९ मध्ये माथाडी हमालांसाठी स्वतंत्र कायदा केला. अण्णासाहेब पाटील, पुण्याच्या हमाल पंचायतीचे बाबा आढाव, अशा माणसांनी आयुष्यं घातली तेव्हा कुठे पाठीवर ओझं वाहणाऱ्याला कामगार म्हणून ओळख मिळाली. तुझी कंपनी शेतकऱ्यांची आहे, त्यातही बायांची. तुझ्या धक्क्यावर हे नीट झालं नाही तर कुठे होणार? आणि ज्या धक्क्यावर माणसाला धास्ती नाही, तिथे हमाल टिकतात, हंगामात दुसऱ्याकडे जात नाहीत, हेही मी पाहिलंय.

आता पुढचं काम. सोमवारी इंजिनिअरकडे जा आणि पायऱ्यांचं वेगळं चित्र मापांसकट मागून घे, त्यावर त्याची सही घे. वेल्डरला पाइपाचा नमुना हातात धरून दाखव, नुसतं फोनवर सांगू नकोस. काम झालं म्हणाला की टेप घेऊन स्वतः प्रत्येक पायरी दोन्ही टोकांना मोज, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. पाच मिलिमीटरच्या वर फरक निघाला तर सरळ तोडायला सांग, पैशाचा शेवटचा हप्ता तोवर देऊ नकोस. मोजलेले आकडे मला पाठव. आणि एखादा हमाल बोलावून त्याला रिकाम्या हाताने दोन-चारदा वरखाली जायला लाव, काय खटकतं ते त्याला विचार. मी सांगितलं नाही असं काहीतरी तो नक्की सांगेल. ते निघालं की मला फोन कर, मग उताराच्या कठड्याचं बोलू.